गवताच्या घरी पाहुणे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हीरक महोत्सवाचे वर्ष आले की शाळेत बांधकामाचा विषय निघतोच. नवे सभागृह, नवी प्रयोगशाळा, दर्शनी भागावर देणगीदारांची नावे कोरलेली संगमरवरी पाटी. माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काहीतरी उभे करावेसे वाटते आणि ती भावना पवित्रच आहे. या शाळेतून बाहेर पडलेले कित्येक जण आज वास्तुरचनाकार आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, शासकीय खात्यांत जबाबदारीच्या पदांवर आहेत. कुठे काय उभारायचे, याचे नकाशे त्यांच्या हातून जातात. म्हणून आजचा विषयही बांधकामाचाच निवडला आहे. मात्र ही जागा अशी आहे, की जेथे शक्य तितके कमी बांधावे आणि जे बांधावे तेही सहसा नजरेस पडू नये. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी नावाच्या गवताळ प्रदेशातील राखीव क्षेत्रांत, येणाऱ्या पाहुण्यांसाठी सोयी कशा कराव्यात, हा तो विषय.

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात प्रेअरीला दोन-तीन ओळी मिळतात: समशीतोष्ण कटिबंधातील गवताळ प्रदेश, सुपीक काळी माती, गहू व मका. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण या ओळींच्या आड एका भूप्रदेशाच्या जवळजवळ संपूर्ण नाशाची कथा आहे. माणसाच्या उंचीपर्यंत व त्याहूनही वर वाढणाऱ्या गवताची, म्हणजे उंच गवताची प्रेअरी, एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेली होती. १८३७ मध्ये जॉन डीअर याने पोलादी फाळाचा नांगर तयार केला. चिवट मुळांनी विणलेली ती जमीन लाकडी व बिडाच्या नांगराला दाद देत नव्हती. पोलादापुढे ती हरली. आज त्या प्रेअरीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे. जे उरले त्यातले बहुतेक कॅन्सस राज्यातील ‘फ्लिंट हिल्स’ या टेकड्यांवर आहे आणि ते माणसाच्या शहाणपणामुळे उरलेले नाही. तेथे मातीचा थर पातळ, खाली लगेच चुनखडीचा दगड आणि त्यात गारगोटीचे थर. नांगर चालेना, म्हणून गवत वाचले. त्यावर गुरे चरू लागली आणि गुराख्यांचा एक जीवनक्रम तेथे रुजला.

आता या उरलेल्या तुकड्याकडे पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार करावा. घनदाट अरण्य पाहिले की माणूस आपोआप दबकतो. पर्वत पाहिला की मान वर होते. गवताळ मैदान पाहिले की मात्र बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, ‘केवढी ही मोकळी जागा!’ आणि मोकळी जागा म्हटली की पाठोपाठ दुसरा विचार येतो, ‘येथे काय बरे करता येईल?’ प्रेअरीचा घात नांगराने केला खरा, पण नांगराच्या आधी या नजरेने केला. म्हणूनच राखीव क्षेत्र घोषित झाल्यावर तेथे स्वागतकक्ष, वाहनतळ, उपाहारगृह, निरीक्षण मनोरा अशी यादी उत्साहाने तयार होऊ लागते, तेव्हा त्या यादीत जुनीच नजर नवा पोशाख घालून आलेली असते. अरण्यात चार इमारती चुकीच्या झाल्या तरी झाडे त्यांना पोटात घेतात. गवत काहीच लपवीत नाही. तीन मजली इमारत तेथे कित्येक मैलांवरून दिसते आणि ती दिसेनाशी करण्याचा एकच मार्ग असतो: ती न बांधणे.

या विचाराचे एक बोलके उदाहरण कॅन्ससमधील ‘टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह’ हे राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. स्ट्राँग सिटी या छोट्याशा गावाच्या उत्तरेस, १०,८९४ एकरांचे, म्हणजे सुमारे ४,४०० हेक्टरांचे. त्याची स्थापना १९९६ ची. पण प्रयत्न फार आधीपासूनचे. १९६१ मध्ये प्रेअरीचे राष्ट्रीय उद्यान करण्याच्या हेतूने अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे सचिव स्ट्युअर्ट यूडल कॅन्ससमध्ये जागा पाहण्यासाठी हेलिकॉप्टरने उतरले, तेव्हा तेथील पशुपालकाने त्यांना आपल्या कुरणातून चालते होण्यास सांगितले. तो प्रस्ताव बारगळला. सरकार जमीन घेईल, गुराखी देशोधडीला लागतील आणि मग पर्यटकांचा लोंढा येईल, अशी भीती त्यामागे होती. पुढे तीन दशकांच्या वाटाघाटींनंतर जो कायदा झाला, त्याने एक अनोखी अट घातली: या क्षेत्रात केंद्र सरकारला १८० एकरांहून अधिक जमिनीची मालकी घेता येणार नाही. उरलेली जमीन खाजगी विश्वस्त संस्थेकडे राहील आणि देखभाल दोघे मिळून करतील. आज ती जमीन मुख्यतः ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या मालकीची आहे. राजकीय तडजोडीतून आलेली ही अट रचनेच्या दृष्टीने मात्र वरदानच ठरावी अशी आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपल्याकडे म्हणतात. येथे अंथरूण कायद्यानेच मापून दिले.

रचनेचा पहिला प्रश्न असतो तो जागेचा: बांधायचे कोठे? सामान्यतः सर्वात सुंदर दृश्य जेथून दिसते ती जागा निवडली जाते आणि सर्वात सुंदर जागेवरच पहिला घाव पडतो. शहाणी रीत याच्या उलट आहे. जेथे माणसाचा हात पूर्वीच फिरला आहे, माती उकरली गेली आहे, वाटा पडल्या आहेत, तेथेच नवे बांधावे आणि अस्पर्श भूमीला हात लावू नये. कॅन्ससच्या या क्षेत्रात एका धनाढ्य पशुपालकाने १८८१-८२ च्या सुमारास बांधलेला चुनखडीच्या दगडांचा वाडा आणि त्याच दगडांचा तीन मजली प्रचंड गोठा आजही उभा आहे. पाहुण्यांसाठीचे स्वागतकेंद्र याच जुन्या वास्तूंच्या शेजारी, महामार्गालगत उभारले गेले. २०१२ मध्ये खुली झालेली ही इमारत एकमजली आहे. भिंती स्थानिक चुनखडीच्या आणि छतावर प्रेअरीतील वनस्पती. जुन्या गोठ्याशी ती स्पर्धा करीत नाही आणि टेकड्यांच्या रेषेच्या वर डोके काढीत नाही. आत शिरलेला माणूस थोड्याच वेळात बाहेर पडून गवताकडे जावा, एवढेच तिचे काम आहे.

उंचीचा हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. प्रेअरीत ‘प्रेअरी चिकन’ नावाचा, रानकोंबड्यांच्या कुळातील पक्षी राहतो. वसंत ऋतूत पहाटे त्याचे नर आखूड गवताच्या ठरावीक उंचवट्यांवर जमतात, मानेवरील नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात आणि नाचतात. उघड्यावर जगणाऱ्या या पक्ष्याला उंच वस्तूची धास्ती असते, कारण उंच जागी ससाणा बसतो. या पक्ष्याच्या एका जवळच्या जातभाईवर नैर्ऋत्य कॅन्ससमध्ये झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की माद्या वीजवाहिन्या व इमारती यांच्यापासून लांब जाऊन घरटी करतात. म्हणजे इमारतीने व्यापलेली जागा नकाशावर दिसते तेवढीच नसते. तिच्या भोवतीचे एक मोठे, अदृश्य वर्तुळही त्या पक्ष्याच्या हातून गेलेले असते. वाहनतळावर सावलीसाठी लावलेल्या झाडांच्या रांगेचाही असाच परिणाम होतो. वृक्षारोपण हे सर्वत्र पुण्यकर्मच असते, या आपल्या समजुतीला प्रेअरीत छेद जातो. तेथे झाड लावणे हे कधी कधी अतिक्रमण असते.

या क्षेत्रात एकच लहानशी वास्तू टेकडीवर उठून दिसते, ती मात्र शाळा आहे. ‘लोअर फॉक्स क्रीक स्कूल’ ही १८८२ मध्ये बांधलेली एका खोलीची दगडी शाळा. आसपासच्या शेतकऱ्या-गुराख्यांची मुले तेथे शिकली. १९३० मध्ये ती बंद झाली. पुढे ती दुरुस्त करून जशी होती तशी जतन करण्यात आली. एक खोली, एक शिक्षक, सर्व इयत्ता एकत्र. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या आप्तेष्टांनी ती डोळ्यांसमोर आणावी. तिच्याभोवती नवी उपाहारगृहे, खेळणी, दुकाने उभारली गेली नाहीत. म्हणून तेथे पोहोचणाऱ्याला त्या मुलांनी जे पाहिले तेच दिसते: दगड, आकाश आणि वाऱ्याबरोबर हलणारे गवत. एखादी जुनी गोष्ट जतन करणे म्हणजे तिच्या भोवतीची रिकामी जागाही जतन करणे, हा धडा ती शाळा बंद झाल्यानंतरही देत आहे.

प्रेअरीत बांधणाऱ्याला अग्नीचाही विचार करावा लागतो. ही भूमी जळण्यासाठीच घडलेली आहे. ‘बिग ब्लूस्टेम’सारख्या गवताची मुळे दोन-तीन मीटर व काही वेळा त्याहूनही खोल जातात; वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. वरचे वाळलेले गवत जळून गेले, की सूर्यप्रकाश मातीपर्यंत पोहोचतो आणि हिरवे कोंब जोमाने वर येतात. जाळच थांबला तर झुडपे व झाडे शिरकाव करतात आणि काही दशकांत गवताळ प्रदेशाचे रान होते. मॅनहॅटन या कॅन्ससमधील विद्यापीठनगरीजवळ ‘कोन्झा प्रेअरी’ हे १९७१ मध्ये सुरू झालेले संशोधनक्षेत्र आहे. तेथे काही तुकडे दरवर्षी, काही दोन, काही चार आणि काही वीस वर्षांनी जाळून हा फरक दीर्घकाळ मोजला गेला आहे. त्यामुळे राखीव क्षेत्रांत वसंतात हेतुपुरस्सर, नियंत्रित आग लावली जाते. अशा जागी लाकडी कठड्यांचे लांबच लांब पूल, पर्णकुट्या आणि फळ्यांचे मनोरे उभारले, तर पुढे त्यांच्या रक्षणासाठी आगच बंद करावी लागते. मग सोय राहते आणि जिच्यासाठी ती केली ती प्रेअरी जाते. चुनखडीची भिंत, भोवती कापलेल्या गवताचा किंवा खडीचा पट्टा आणि मोजकेच फलक, एवढ्यावर भागवले तर आग आणि इमारत दोन्ही नांदू शकतात.

आता पायवाटांकडे वळू. या क्षेत्रात चाळीस मैलांहून अधिक लांबीच्या पायवाटा आहेत. नव्या वाटा आखण्यापेक्षा पशुपालकांच्या जुन्या रस्त्यांचा उपयोग करणे केव्हाही श्रेयस्कर. पायदळी तुडवण्याविषयीच्या अभ्यासातून एक गोष्ट सातत्याने पुढे आली आहे. वापर आणि हानी यांचे नाते सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या थोड्या पावलांनीच बरीचशी हानी होते. त्यानंतर त्याच वाटेवरून कितीही माणसे गेली तरी हानी त्या मानाने फारशी वाढत नाही. याचा अर्थ पाहुण्यांना चहूकडे पांगवण्यापेक्षा ठरावीक वाटांवर ठेवणे हिताचे. पण माणूस वाटेवर राहावा असे वाटत असेल, तर वाट चालण्याजोगी हवी. पाऊस पडून चिखल झाला की प्रत्येक जण चिखलाच्या कडेने जातो, दुसरा त्याच्याही कडेने जातो आणि दोन फुटांची वाट पाहता पाहता वीस फुटांची होते. म्हणून वाट उताराला थोडी तिरपी आखावी, पाणी मध्येच बाजूला वळवावे, गर्दीच्या भागात खडी पसरावी आणि विरळ वापराच्या भागात नुसते गवत कापून पट्टा मोकळा ठेवावा. मनाईची पाटी लावण्यापेक्षा चांगली वाट आखणे अधिक परिणामकारक असते.

येथे एक विरोध प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. चाकाच्या खुर्चीतून येणारी व्यक्ती, वृद्ध आजी-आजोबा, लहान मूल कडेवर घेतलेली आई, यांना खडबडीत टेकडी कशी चढता येईल? कमीत कमी बांधा, हे तत्त्व धडधाकट माणसांच्या सोयीचे तत्त्व ठरू नये. यावर उपाय असा, की स्वागतकेंद्राजवळ थोडीच, पण पूर्णपणे कठीण व सपाट केलेली वाट असावी आणि ती खऱ्या गवतापर्यंत जावी; शोभेच्या वाफ्यापाशी संपू नये. शंभर पावलांवर प्रेअरीचा वारा अंगावर घेता आला, तर दहा मैल चालणाऱ्यापेक्षा त्या पाहुण्याला काही कमी मिळाले असे म्हणता येणार नाही. जेथे बांधणे आवश्यक आहे तेथे संकोच न करता चांगले बांधावे. बाकीच्या ठिकाणी हात आवरावा.

पाहुणा आपल्याबरोबर न सांगता काही घेऊन येतो, ते म्हणजे बी. बुटांच्या खाचांत, मोटारीच्या चाकांत, वाहनतळासाठी आणलेल्या मातीत. फ्लिंट हिल्समध्ये ‘सेरेशिया लेस्पेडेझा’ या आशियातून नेलेल्या वनस्पतीने असाच उच्छाद मांडला आहे. एके काळी जमिनीची धूप थांबवण्यासाठी आणि चाऱ्यासाठी ती मुद्दाम लावली गेली. आज कॅन्ससमध्ये ती कायद्याने उपद्रवी तण ठरली आहे. आपल्याकडील शेतकऱ्यांना परिचित असलेले उत्तम चाऱ्याचे मारवेल गवतदेखील टेक्ससमध्ये ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’ या नावाने आक्रमक परके गवत म्हणून ओळखले जाते. कुठलेही गवत मुळात वाईट नसते. ते परक्या घरी मर्यादा सोडून पसरले की उपद्रव होते. म्हणून बांधकामाची माती जागच्या जागीच वापरावी, उघड्या पडलेल्या जमिनीवर जवळच्याच रानातून गोळा केलेले स्थानिक बी पेरावे आणि वाटेच्या तोंडाशी बूट झाडण्यासाठी साधा ब्रश ठेवावा. हा ब्रश अख्ख्या योजनेतील सर्वात स्वस्त वस्तू असेल. उपयोगाच्या दृष्टीने मात्र ती फार मोलाची.

कोणत्या सोयी करायच्या नाहीत, हे ठरवणे सर्वात अवघड असते. या क्षेत्रात मुक्कामाची सोय नाही. राहायचे असेल तर पाहुण्याने स्ट्राँग सिटी किंवा कॉटनवुड फॉल्स या शेजारच्या गावांत राहावे, तेथे जेवावे, तेथे पैसे खर्च करावेत. त्यामुळे रात्री टेकड्या अंधारात राहतात, सांडपाण्याचा प्रश्न वाढत नाही आणि एके काळी उद्यानाला विरोध करणाऱ्या परिसराला त्यापासून थोडा लाभ होतो. २००९ मध्ये दक्षिण डाकोटातील ‘विंड केव्ह’ राष्ट्रीय उद्यानातून १३ बायसन येथे आणले गेले. बायसनला आपल्याकडे गवा समजण्याची चूक होते. हा प्राणी वेगळा, गवताळ मैदानांचा. त्याच्या कुरणातून पायवाट जाते, मात्र पाहुण्याने शंभर यार्डांहून दूरच राहायचे असते. मध्ये काचेचा सज्जा नाही की पिंजरा नाही. सुरक्षितता बांधकामावर न सोपवता पाहुण्याच्या समजुतीवर सोपवलेली आहे. पाहुण्याला सुजाण मानणे, हादेखील रचनेचाच भाग होय.

आणि शेवटी माहितीफलक. फलक थोडे असावेत, पण त्यांनी खरे सांगावे. ‘येथे कोणी राहत नव्हते’ असे प्रेअरीविषयी म्हणणे खोटे ठरेल. ज्यांच्या नावावरून कॅन्ससला नाव मिळाले, ते कॉ लोक याच प्रदेशात शिकार करीत, राहत. १८७३ मध्ये त्यांना येथून हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आले. मोकळी जागा म्हणून जे नकाशावर दाखवले जाते, ते पुष्कळदा मोकळे केलेले असते. पाहुण्याला हे कळले नाही, तर त्याने केवळ गवत पाहिले, प्रेअरी पाहिली नाही.

हा सारा विषय आपल्यापासून सात समुद्र दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. आपल्याकडील माळराने शासकीय नोंदींत अनेकदा ‘पडीक’ या सदरात मोडतात. ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या धनगरांची मेंढरे चरली, तो पडीक कसा? गुजरातेतील भावनगरजवळचे वेळावदर हे १९७६ पासूनचे राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरांचे. पण तेथे काळविटांचे कळप आहेत, पावसाळ्यात गवतावर उड्या घेणारा तणमोर आहे आणि हिवाळ्यात दुरून येऊन रात्री गवतात उतरणारे भोवत्या पक्षी आहेत. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक हा जड शरीराचा पक्षी. समोरची वीजतार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी चटकन वळता येत नाही. या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅन्ससमधील प्रेअरी चिकन आणि आपला माळढोक यांचे म्हणणे एकच आहे: आमच्या आकाशात काही उभे करू नका. पण माळावर पहिल्या पावसात खड्डे खणून रोपे लावली जातात, वेडी बाभूळ माजते, निसर्ग पर्यटनाच्या नावाखाली रंगीत कमानी आणि सिमेंटचे प्राणी उभे राहतात. आणि हे सर्व सद्हेतूने होते, हीच त्यातील खंत आहे.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे आज एक विनंती ठेवावीशी वाटते. ज्यांच्या टेबलावर असा एखादा नकाशा येईल, त्यांनी पहिली रेघ ओढण्याआधी त्या जागी पहाटे, दुपारी आणि पावसानंतर चालून यावे. तेथे गुरे चारणाऱ्याला विचारावे. मागणीच्या यादीतील प्रत्येक सोयीपुढे ‘ही गावात करता येईल का?’ असा प्रश्न लिहावा. होकार आला तर ती सोय तेथून उचलावी. पालकांनी मुलांना माळावर न्यावे आणि ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ असे मुलाने म्हटल्यास घाई करू नये. त्याच्याबरोबर तेथेच थोडा वेळ बसावे. वाऱ्याची लाट गवतावरून कशी जाते, टिटवी कोठून ओरडते, पायाशी किती प्रकारची पाती आहेत, हे हळूहळू त्याचे त्यालाच दिसू लागेल. ते शिकवण्यासाठी इमारत लागत नाही.

अशा जागी केलेल्या चांगल्या कामावर नावाची पाटी लागत नाही, उद्घाटनाची फीत कापली जात नाही. पाहुणे येतात, गवतातून चालतात आणि परत जातात. पुढल्या वसंतात गवत पुन्हा उगवते. एवढे घडले, तर बांधणाऱ्याचे काम उत्तम झाले असे समजावे.